अक्षर न् अक्षर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या तेलगावचे नाव निघाले की लोकांना साखर कारखाना आठवतो; ऊस आणि वजनकाट्यापुढच्या रांगा आठवतात. याच गावातल्या एका मागच्या खोलीत बसून कोणी पुण्याच्या कंपनीतले संगणक सांभाळतो, असे सांगितले की वर्गातली मुले हसतात. पण माझा चुलतभाऊ ते करतो. पदवीच्या वर्गात बसणारा घरातला मी पहिला. दादा तंत्रनिकेतनातून थेट नोकरीला लागला.

मागच्या पावसाळ्यात चुलत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दादा गावी आला आणि घरूनच रात्रपाळी करू लागला. कंपनीची अट एकच होती, काम अडता कामा नये. आणि ते रोज अडू लागले.

दूरच्या संगणकात कुलूपबंद वाटेने शिरण्याच्या सोयीला एसएसएच म्हणतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी ती तयार केली. दादाचे काम थोडा वेळ बरे चाले. मोठी फाईल सरकू लागली की पडद्यावर ओळ उमटे, 'करप्टेड मॅक ऑन इनपुट', आणि सारे बंद. "लाईन गेली का रं?" चुलते अडखळत विचारत. खेड्यातली लाईन, दुसरे काय असणार, असेच आम्हा सर्वांना वाटे.

दादाने मात्र ती ओळ नीट वाचली. नुसती लाईन गेली असती तर निराळीच ओळ आली असती. एसएसएचच्या प्रत्येक गठ्ठ्यावर, दोन टोकांनाच ठाऊक असलेल्या गुपितातून केलेली एक मोहर असते. तिचे नाव मॅक. वाटेत एक अक्षर बदलले तरी मोहर जुळत नाही. तेव्हा एसएसएच 'पुन्हा सांगा' म्हणत नाही. हा बिघाड की कोणाची मुद्दाम केलेली ढवळाढवळ, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून ते संबंधच तोडते.

मला एकनाथ महाराज आठवले. नकला करता करता ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडत गेले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. (सर म्हणतील, कुठले कुठे जोडतोस!)

पण एसएसएचच्या खाली टीसीपी असतो, तो चुका पकडत नाही का? पकडतो, मात्र त्याची तपासणी म्हणजे १६ बिटांच्या आकड्यांची बेरीज. उसाच्या दोन पावत्यांची अदलाबदल झाली तरी एकूण टन तेवढेच भरतात, तसे तिचे आहे. शिवाय ही बेरीज पुष्कळदा जाळ्याचे कार्डच तपासते. कार्डातून संगणकात उतरताना अक्षर बिघडले, तर 'बरोबर आहे' हा शेरा आधीच पडलेला असतो.

मग शोध सुरू झाला. मोबाईलच्या इंटरनेटवर काम तुटले नाही. लॅपटॉप ओसरीत नेऊन वायफायवर चालवला, तिथेही नाही. पण वायफाय मागच्या खोलीत पोचत नव्हते आणि चुलत्यांना रात्री एकटे ठेवता येत नव्हते; त्यासाठीच तर वायर ओढलेली. वायर बदलली, तरी तुटलेच. उरली यूएसबीला लावायची लॅनची डबी, दोन बोटांएवढी. गाव, पाऊस, डांबावरची तार, सगळ्यांना आम्ही बोल लावून बसलो होतो!

दादाने एथटूलने, येणाऱ्या गठ्ठ्यांची बेरीज तपासण्याचे काम त्या डबीकडून काढून संगणकाकडे दिले. आता बिघडलेले गठ्ठे टीसीपीच फेकून देई आणि पलीकडून पुन्हा मागवी. वेग थोडा उतरला, जोडणी टिकली. दोन दिवसांनी माजलगावहून नवी डबी आली. त्या रात्री त्याने एक मोठी फाईल पाठवली आणि दोन्ही टोकांचा शा-२५६ काढायला मला बसवले. चौसष्ट अक्षरांची ती ओळ मी बोट ठेवून जुळवली. सगळी जुळली. दादाने चुलत्यांची कूस बदलून दिली आणि तो पुन्हा कामाला बसला.