खोकल्याचे बळ

श्वासपटलाला चालवणाऱ्या फ्रेनिक नसा मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जाखंडांतून निघतात. मज्जारज्जूची इजा त्यांच्याही वर असेल तर रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. पाचव्या-सहाव्या खंडाला इजा झाली तर श्वासपटल बरेचसे वाचते, आणि छातीवरचे संकट टळले असे घरच्यांना वाटते. तसे नसते. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू इजेच्या खालच्या खंडांवर चालतात, त्यामुळे ते निकामी होतात. श्वास आत येतो; जोराने बाहेर फेकता येत नाही. पोट आवळत नाही म्हणून खोकला येत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग, बहुधा डावीकडचा, मिटतो आणि न्यूमोनिया गाठतो. मणक्याच्या इजेनंतरचे श्वसन-पुनर्वसन म्हणजे मुख्यतः हा गेलेला खोकला पुन्हा मिळवून देणे.

पहिला आठवडा फसवा असतो. दाखल झालेला रुग्ण नीट बोलत असतो, ऑक्सिमीटरचा आकडाही चांगला असतो. दोन-तीन दिवसांनी श्वासपटल थकते. ऑक्सिमीटर हे उशिरा सांगतो. स्पायरोमीटरवर श्वासाची क्षमता रोज मोजावी. तो नसेल तर एका श्वासात रुग्ण किती अंक मोजतो ते रोज लिहून ठेवावे. अंक घटत चालले तर वाट पाहू नये. याच काळात सक्शनची नळी घातल्यावर हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात, कारण व्हेगस नसेला आवर घालणारी चेतासंस्था तुटलेली असते. म्हणून सक्शन थोडक्यात आटपावे, आधी ऑक्सिजन द्यावा आणि अॅट्रोपिन हाताशी असावे.

या रुग्णांचा श्वास बसल्यापेक्षा आडवे असताना चांगला चालतो. निरोगी माणसाचे याच्या उलट असते. बसल्यावर सैल पोट पुढे ओघळते, श्वासपटल सपाट होते आणि त्याला खाली सरकायला जागा उरत नाही. त्यासाठी पोटपट्टा वापरतात. तो बरगड्यांवर चढता कामा नये, आणि रुग्णाला उठवून बसवण्याआधीच बांधायचा असतो. बसवल्यावर घाईघाईने गुंडाळलेला पट्टा पाहायला मिळतो. त्याचा फारसा उपयोग नसतो. पुढच्या काही महिन्यांत छातीचे लुळे स्नायू ताठरू लागतात, श्वास घेताना आत ओढली जाणारी छाती स्थिर राहते आणि क्षमता बरीच वाढते. हातापायांत नकोसा वाटणारा ताठरपणा इथे मात्र कामी येतो.

खोकल्याचा झोत मिनिटाला १६० लिटरच्या खाली असेल तर कफ सुटत नाही. २७०च्या खाली असेल तर साधी सर्दीही महागात पडू शकते. झोत वाढवायचा तर आधी हवा भरावी लागते. अॅम्बू बॅगने एकावर एक दोन-तीन श्वास द्यायचे, रुग्णाने ते घसा मिटून धरायचे. मग बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली तळहात ठेवून, रुग्ण खोकतो त्याच क्षणी आत आणि वर दाब द्यायचा. वेळ जुळली नाही तर नुसती ताकद वाया जाते. बरगड्या मोडलेल्या असतील, मणका अजून स्थिर नसेल किंवा नुकतेच जेवण झाले असेल तर हे करू नये. हवा भरून लगेच खेचून घेणारे खोकल्याचे यंत्र हेच काम करते, पण ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही.

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर जवळजवळ प्रत्येक खाटेशी दिसतो. त्याने श्वास आत घेण्याचा सराव होतो, पण कफ निघत नाही. तो हातात देऊन काम झाले असे मानणे हा आळस आहे. श्वास बाहेर टाकायला छातीच्या मोठ्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडाकडचा भाग मदत करतो, हे बेल्जियममधले आंद्रे द त्रोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले. त्या भागाला मज्जारज्जू पाचव्या ते सातव्या खंडांतून चालवतो, म्हणून खांद्यांचा व्यायाम हा छातीचाही व्यायाम ठरतो. व्हेंटिलेटरवरच्यांसाठी आणखी एक जुनी विद्या आहे: जिभेने हवेचे घोट फुप्फुसात ढकलण्याचा बेडूकश्वास. १९५१ साली क्लॅरेन्स डेल यांनी कॅलिफोर्नियातल्या पोलिओ रुग्णांमध्ये तो नोंदवला. ज्याला साधतो, त्याला यंत्र बंद पडले तरी काही काळ तग धरता येतो.

घरी पाठवण्यापूर्वी घरातल्या किमान दोघांनी हाताने खोकला देऊन दाखवावा; नुसते समजावून सांगणे पुरत नाही. सर्दी झाली की त्याच दिवसापासून, कफ येईल तितक्या वेळा, रात्रीसुद्धा खोकला द्यावा. ऑक्सिमीटर ९५च्या खाली गेला तर आधी कफ काढावा, आणि आकडा तरीही वर आला नाही तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.