दरोबस्त खरेदी

माझ्याच पैशाने घेतलेल्या, पावतीवर माझेच नाव असलेल्या मोबाइलच्या पडद्यावर ‘आपले उपकरण असुरक्षित आहे, सेवा देता येत नाही’ अशी अक्षरे उमटली आणि ज्या बँकेत माझे निवृत्तिवेतन जमा होते तिच्या ॲपने मला बाहेरच उभे केले, त्याला आता बरेच महिने लोटले, परंतु त्या मजकुरातील बेमुर्वतपणा आठवला की अजूनही माझा संताप अनावर होतो. नकाराचे मला तितकेसे काही वाटत नाही, कारण सरकारी कचेरीत लोकांना नकार देण्यातच माझी हयात गेली. पण आम्ही नकाराचे जे कारण शेऱ्यात लिहीत असू ते निदान खरे असे.

नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. जुन्या खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा सांगून झाल्या की ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह दरोबस्त’ अशी एक ठरीव शब्दावली येते; विकणाऱ्याने त्या जमिनीतली गवताची काडीही स्वतःकडे राखून ठेवलेली नाही, असा तिचा आशय. अशा दस्तांवर आयुष्यभर शिक्के उमटवलेल्या मनुष्याची मालकीविषयीची कल्पना काय असणार, हे निराळे सांगायला नको. मोबाइल घेतला तोही मी काष्ठपाषाणांसह घेतला, अशाच समजुतीत होतो.

मोबाइल उत्तम होता. पडदा शाबूत, बॅटरी ठीक. मात्र कंपनीने त्या मॉडेलसाठी नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणे केव्हाच थांबवले होते. माझी भाची पुण्यास संगणकशास्त्र शिकते. दिवाळीस आली असता तिने फोन चाळून पाहिला आणि म्हणाली, “मामा, याला शेवटचा सिक्युरिटी पॅच येऊन वर्षं झाली. आणि यावर तुम्ही बँकेचे व्यवहार करता?” नवा फोन घेण्यास मी साफ नकार दिला, तेव्हा तिने लिनिएजओएसचा मार्ग सुचवला. स्टीव्ह कोंडिक यांनी 2009 साली सुरू केलेले सायनोजेनमॉड हे अँड्रॉइडचे पर्यायी रूप 2016च्या अखेरीस बंद पडले, तेव्हा स्वयंसेवकांनी तेच काम या नावाने पुढे चालवले. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक फोनांना त्यांच्याकडून आजही नवी अँड्रॉइड प्रणाली आणि ताज्या दुरुस्त्या मिळतात.

परंतु त्याआधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो. फोन चालू होताना जो प्रोग्रॅम सर्वांआधी जागा होतो आणि कंपनीची मोहोर नसलेली प्रणाली चालू देत नाही, तो बूटलोडर. तो उघडण्यास कंपनीने रीतसर सोय ठेवली होती, म्हणजे काय, तर मी विकत घेतलेल्या वस्तूचे कुलूप उघडावे म्हणून मीच विकणाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याने नेमलेली मुदत संपेपर्यंत थांबायचे आणि अर्ज मंजूर झाल्याबद्दल समाधान मानायचे. कुलूप उघडताना फोनमधला सारा मजकूर पुसला जातो. हा नियम मात्र रास्त आहे, कारण एरवी चोरलेला फोन उघडून कोणीही आतले वाचले असते. भाचीने एका दुपारी लॅपटॉपला केबल लावून सारे उरकले. फोन हलका झाला, काढता न येणारी निरुपयोगी ॲप्स नाहीशी झाली आणि सुरक्षेच्या रकान्यात चालू महिन्याची तारीख झळकली. त्या संध्याकाळी मला जे समाधान वाटले ते जुना वाडा डागडुजी करून राहता केल्यावर वाटावे तसे होते.

आणि मग बँकेच्या ॲपने वर सांगितलेला निवाडा दिला.

मी शाखेत गेलो. तिथला तरुण अधिकारी अदबीने वागला. “काका, फोन रूट केलाय का?” मी सांगितले की रूट केलेला नाही, म्हणजे प्रणालीचे सर्वाधिकार हाती घेतलेले नाहीत, केवळ बूटलोडर उघडा आहे आणि प्रणाली नवी आहे. “ॲपला तो तसाच दिसतोय. वरून आलंय, आमच्या हातात काही नाही.” वरून म्हणजे कोठून, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मी लेखी तक्रार दिली. उत्तरादाखल ‘आपण आपले उपकरण अद्ययावत ठेवावे’ अशी सूचना आली. अद्ययावत! आता इथे वाचकाने क्षणभर थांबावे, कारण हा सारा लेख मी या एका गोष्टीसाठी लिहीत आहे. आमच्या सौभाग्यवतींचा फोन त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, माझ्याबरोबरच घेतलेला. त्याला आम्ही हात लावलेला नव्हता. कंपनीने ज्या दिवशी सोडून दिले त्या दिवशी तो जसा होता तसाच आहे, म्हणजे त्यानंतर जगजाहीर झालेली सारी भोके त्यात उघडी आहेत. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. भोके असलेल्या फोनवर बँकेचे ॲप विनातक्रार उघडले. भोके बुजवलेला फोन असुरक्षित ठरला. मी ते त्या अधिकाऱ्यास दाखवले. तो हसला, आणि त्याचे हसणे मला त्याच्या नियमापेक्षा प्रामाणिक वाटले.

भाचीने उलगडा केला तो असा, की ॲप फोनकडे एक दाखला मागते, आणि त्या दाखल्यातून बँकेने जे विचारले ते एवढेच, की बूटलोडर बंद आहे काय आणि वरची प्रणाली मान्यताप्राप्त आहे काय. प्रणाली किती शिळी आहे, याची चौकशीच नाही. दस्ताचा मजकूर न वाचता लाख तेवढी शाबूत आहे की नाही हे पाहणारा कारकून माझ्या हाताखाली असता, तर मी त्याची बदली अभिलेखागारात केली असती!

मनास स्वस्थता नसल्याने मी कायदे चाळले. अमेरिकेत 1998च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडण्यास मनाई केली, आणि फोनपुरती त्यातून सूट 2010 साली दिली ती काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाने. आपल्या फोनात आपण काय घालावे याची सनद ग्रंथपालाकडून मिळावी, यातील गंमत मला अजून पुरती पचलेली नाही. दर तीन वर्षांनी हा विचार नव्याने होतो. 2012 साली फोनला सूट होती पण टॅब्लेटला नव्हती, ती 2015 साली मिळाली. आपल्याकडे प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीने 65अ हे कलम आले, परंतु ते हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासाठी. उलट 52व्या कलमात कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक आज्ञावलीत खासगी, बिनव्यापारी वापरासाठी अनुकूलन करण्याची मुभा आहे. स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, त्या हुकमात आधीच बसवलेली आपली ॲप्स काढून टाकण्यास वापरकर्त्यास अडवू नये असेही एक कलम होते. अपील न्यायाधिकरणाने 2023च्या मार्चमध्ये दंड कायम ठेवला आणि नेमके ते कलम रद्द केले. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली लिहावयास घेतला, आणि त्याच्या परवान्यान्वये फोन विकणाऱ्याने त्यात केलेल्या फेरफारांसह मूळ संहिता मागणाऱ्यास दिली पाहिजे. माझ्या फोनासाठी स्वयंसेवक काही करू शकले ते या तरतुदीमुळेच. बदललेली संहिता चालवण्याची किल्लीही ग्राहकास द्यावी, असे त्या परवान्याच्या 2007च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. पण लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. म्हणजे नकाशा मिळाला, किल्ली नाही.

एवढे सारे लिहिल्यावर एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल आली, त्यांनी ती उघडून बसवून घेतली आणि खात्यातील रक्कम गेली. ती हकिकत ऐकली तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते हेच, की फोनला आहेत त्याहून कडक कुलपे हवीत, मालकास काही करूच देऊ नये. गुरुजींना बूटलोडर उघडण्याचा सल्ला मी आजही देणार नाही. मागाहून लक्षात आले, की त्यांचा फोन कंपनीच्या कुलपासकट होता आणि बँकेच्या ॲपने त्याला सुरक्षित ठरवले होते. तरीही माझा पहिला विचार पुरता मावळलेला नाही. या दोन मतांचा मेळ मला घालता येत नाही आणि घालण्याचा अट्टहासही नाही.

सध्या माझे सिमकार्ड सौभाग्यवतींच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत आहे आणि माझे निवृत्तिवेतन त्या जीर्ण, परंतु मान्यताप्राप्त प्रणालीवरून हाताळले जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तीत मोबाइलचाही विचार आहे. ज्या दिवशी कंपनी दुरुस्त्या पाठवणे थांबवील त्या दिवशी बूटलोडरची किल्ली विनाअर्ज मालकाच्या हवाली करावी, एवढी एक ओळ तिने नियमांत घालावी. वाचकांनीही नवा फोन घेताना कॅमेऱ्याची चौकशी करण्याआधी त्याचा बूटलोडर उघडता येतो काय, ते मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत आहे काय, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे विचारावे. दुकानदारास पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येणार नाही. तरी विचारावे, आणि तिसऱ्याचे उत्तर लेखी मागावे.