चांदणीचा पाचवा कोन

आमच्या घरातील माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. नाताळाच्या आधी आठ दिवस ती खाली उतरते. गोठ्यातील मूर्ती, रंग उडालेले तीन राजे, एका कानाचे गाढव आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चांदणी एवढा तिचा ऐवज. चिव्याच्या काठ्यांची आणि पतंगी कागदाची ती चांदणी डिसेंबर १९९२ मधील आहे. कागद दोनदा बदलला, काठ्या मात्र त्याच आहेत. तिचे पाचही कोन अगदी सारखे आहेत, आणि तिच्याकडे पाहिले की मला अजूनही ओशाळल्यासारखे होते. ते का, हे सांगण्यासाठीच लिहावयास बसले आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि ओरोसच्या जांभ्या माळावर जिल्ह्याची नवी नगरी वसू लागली. आमच्या यजमानांची नोकरी सरकारी, म्हणून आम्हीही इथे आलो. कोणी मालवणचे, कोणी वेंगुर्ल्याचे, कोणी घाटावरचे, अशी बदलीवर आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहत होती. मुलांसाठी खेळणी घ्यावयाची तर कुडाळ किंवा सावंतवाडी गाठावी लागे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे आमच्या मुलानेही खेळून जुनी केली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे ते केळे, तो आंबा, ते सीताफळ इतके हुबेहूब असे की पाहुण्यांनी हात पुढे करावा. पण एरवी मुलांचे खेळणे म्हणजे माड आणि माती. पोफळीच्या विरीवर एकाने बसावे व दुसऱ्याने ओढावे. माडाच्या पातीचे घड्याळ मनगटावर बांधावे आणि त्यात नेहमी चार वाजलेले असावेत.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात अनुताई वाघ गेल्या. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर आलेले लेख वाचून मी वाचनालयातून त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आणले आणि दोन रात्रींत वाचून काढले. मारिया माँटेसरीबाईंनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे आपल्या तीन राजांच्या सणादिवशी. मुलाच्या हाताला काम द्या, बुद्धी त्या हातामागून चालत येते, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. १९३९ साली त्या स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध पेटल्यामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांची ती रेखीव लाकडी साधने महाग. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई बोर्डीपासूनच त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुलांपुढे मांडण्यासाठी त्या दोघींनी मौल्यवान साधनांची वाट पाहिली नाही. बिया, शिंपले, पाने, काड्या, खडे यांचीच त्यांनी साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी फलकावर वाचताना त्याच्यामागचे ते अंगण आपण विसरून जातो.

हे सारे मी वाचले, शेजारणींना उत्साहाने सांगितले, आणि तीनच महिन्यांनी नेमके त्याच्या उलट वागले.

आमच्या धर्मग्रामात त्या नाताळास मुलांसाठी चांदण्यांची स्पर्धा होती. मुलगा सात वर्षांचा. त्याने वडिलांकडून चिव्याच्या काठ्या तासून घेतल्या आणि तीन संध्याकाळ ओट्यावर बसून स्वतः सांगाडा बांधला. एक कोन वाकडा होता, खळ जागोजागी ओघळली होती, कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. रात्री तो झोपल्यावर मी ती चांदणी हाती घेतली. नुसता तो कोन सरळ करू, असे म्हणून एक गाठ सोडली. मग दुसरी सोडली. पहाटे दोनपर्यंत मी सारी चांदणी नव्याने बांधून, नवा कागद लावून ठेवली होती. यजमान एकदा उठून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, “ताचा ताका करूंक दी गो.” मी म्हटले, “झालंच आता.”

चांदणीला पहिले बक्षीस मिळाले. फादरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून, “ही तू केलीस?” असे कौतुकाने विचारले. मुलगा सर्वांसमक्ष म्हणाला, “नाही फादर, मम्मीनं केली.” लोक हसले, मीही हसले. त्याच्या तोंडावर मात्र रागही नव्हता आणि रडूही नव्हते. बक्षिसाची कंपासपेटी त्याने माझ्या हातात दिली. पुढल्या वर्षी चांदणीचे नाव काढल्यावर तो म्हणाला, “तूच कर. तुला चांगली येते.”

तो शहाणा निघाला, शिकला, इथेच नोकरीस लागला. परंतु घरात खिळा ठोकावयाचा असो की पाकिटावर पत्ता लिहावयाचा असो, तो बाजूला सरतो. “माझा हात त्यातला नाही,” हे त्याचे ठरलेले वाक्य. ते ऐकले की मी स्वयंपाकघरात जाते.

त्याची मुलगी, आमची बाय, २०१६ ची. तिच्यासाठी तो टपालाने खोके मागवीत असे. त्यात कागद आधीच कापलेला, भोके पाडलेली, कोठे काय चिकटवावे त्याचे आकडेही छापलेले. मुलाने फक्त आकड्यावर आकडा ठेवावयाचा. पंधरा मिनिटांत पुठ्ठ्याचा हत्ती तयार होई आणि सोळाव्या मिनिटाला बाय विचारी, “आता काय?” मुलाच्या हौसेला मी नावे ठेवीत नाही. आपल्या हातून जे होत नाही ते लेकीला मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती. पण ती चांदणी जशी मी करून ठेवली होती, तशीच ही खोकी कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात, असे मला वाटे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. अंगणवाडी बंद, टपाल बंद. सून बँकेत असल्यामुळे तिला कामावर जावेच लागे, मुलालाही कार्यालयात पाळीने जावे लागे. यजमान त्यापूर्वीच आम्हांस सोडून गेले होते. घरात चौसष्ट वर्षांची मी आणि चार वर्षांची बाय. खोकी पहिल्याच आठवड्यात संपली.

मग मी करवंट्या काढल्या. सहा करवंट्या घासून ओट्यावर मांडल्या आणि सुपात चिंचोके, फणसाच्या आठळ्या, सागरगोटे, वाल आणि मालवणहून कधीतरी आणलेले शिंपले मिसळून ठेवले. काही सांगितले नाही. बायने तासभर ते निवडले. आधी रंगावरून, मग मोडून आकारावरून, आणि तिसऱ्यांदा कोणत्या हिशेबाने ते मला कळेना. विचारल्यावर म्हणाली, “हे वाजतंत, हे वाजणत नाय.” प्रत्येक बी करवंटीवर आपटून तिने आवाजाची जात लावली होती. माझ्या पन्नास वर्षांच्या निवडण-टिपणात हे मला सुचले नव्हते. इथे आयांना एक सांगून ठेवते. तीन वर्षांच्या आतील मुलापुढे असे बारीक दाणे मांडू नयेत, ती नाकात-तोंडात जातात. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी विषारी, त्या घरातच नकोत. आणि ओली काजूबी मुलाच्या हाती देऊ नये, तिच्या सालीतील तेलाने कातडी भाजते.

रंगांची गंमत तर जुनीच. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट डाग उठतो. त्यावर लिंबू पिळले तर तो गुलाबी होतो, साबणाचे पाणी लावले तर हिरवट. कोऱ्या कागदाला ओली हळद लावून वाळवावी आणि साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहावे, अक्षरे लाल उमटतात. (पानाच्या डब्यातील चुन्यानेही उमटतात, पण चुना डोळ्यांत गेला तर मोठे संकट, म्हणून तो मी लपवून ठेवला.) बायने चिंचेचा कोळ, चुलीतील राख, ताक, सारे एकेक करून लावून पाहिले आणि राख साबणाच्या बाजूची आहे, हा निकाल स्वतः दिला. अंगण पिवळे झाले. साडी अजून पिवळी आहे.

हे वाचताना मी फार शहाणी आजी झाले होते, असा कोणाचा समज व्हावयाचा. तसे नव्हते. माझे हात शिवशिवत. ती खळ उलट्या बाजूस लावी, कात्री वाकडी धरी आणि माझा हात आपोआप पुढे जाई. एकदा मातीची चूल करताना तिचा एक थर कलला आणि मी तो सावरण्यास वाकले. तिने माझे मनगट धरून बाजूला केले आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आजी, माका करूंक दी.” यजमानांचे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आले, आणि मी मटकन खाली बसले. त्या दिवसापासून बाय काम करी तेव्हा मी शेजारी तांदळाचे सूप किंवा लसणाच्या पाकळ्या घेऊन बसू लागले. माझे हात अडकलेले असले म्हणजे तिचे मोकळे राहत. चूल ढासळली. तिने ती तीनदा रचली आणि तिसऱ्यांदा खाली दगड रुंद घेतला.

नाताळाच्या फराळात कुलकुल करावयास तिला बसविले, तेव्हा तर मला माझ्याच स्वयंपाकघराची नवी ओळख झाली. पिठाची बारीक गोळी नव्या फणीवर दाबावयाची आणि अंगठ्याने पुढे ढकलीत तिची वळकटी करावयाची. अंगठा आणि दोन बोटे यांचा जो मेळ पेन्सिल धरताना लागतो, तोच इथे लागतो. आणि गिरवण्याच्या वहीपेक्षा पीठ मुलाला अधिक खेचून घेते. पीठ मळणे, कागद फाडणे, फुले ओवणे यांतून बोटांत बळ आल्यावाचून अक्षर कसे वळणार? तिची कुलकुले मी माझ्यांत मिसळली नाहीत. वेगळी तळली. जाड होती ती आतून कच्ची राहिली, बारीक होती ती जळली. तिने ती सर्वांना वाटली, स्वतः मात्र माझी खाल्ली.

कुडाळच्या पलीकडे पिंगुळीला ठाकर मंडळींची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच त्यांचे संग्रहालय मांडले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाळेबंदी उठल्यावर बायला आम्ही तिथे नेऊन आणले. घरी येऊन तिने वडिलांचा जुना मोजा घेतला, त्याला दोन बटणे लावण्यास मला सांगितले (सुई मी माझ्याकडे ठेवली) आणि त्या मोज्याच्या तोंडून ती वडिलांशी बोलू लागली. एरवी कार्यालयातून आल्यावर मोबाईलमध्ये डोके घालणारा माझा मुलगा मोज्याला मात्र उत्तरे देऊ लागला. “तुका चांदणी करूंक येता?” मोज्याने विचारले. तो म्हणाला, “नाय. माझा हात त्यातला नाय.” मोजा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कित्या?”

मी लसूण सोलीत होते. सांगावे की न सांगावे, असे झाले. अखेर त्या रात्री बाय झोपल्यावर मी मुलाला म्हटले, “बाबू, ती चांदणी मी सोडायला नको होती.” कोणती, हे त्याने विचारले नाही. “ता किती जुना झाला आता,” एवढेच म्हणाला आणि दिवा मालवण्यास उठला. मग दारातच थांबून म्हणाला, “माझ्या चांदणीचो तो कोन वाकडो न्हवतो. एक काठी मोडली होती, म्हणान मी आखूड घातलंय.” एकोणतीस वर्षे त्याला ती काठी आठवत होती.

त्या डिसेंबरात चिव्याच्या काठ्या आल्या. तासल्या शेजारच्या काकांनी, कारण कोयता मुलाच्या हाती देण्याचे धाडस आम्हां कोणातच नव्हते, त्याच्यातही नाही. बाप-लेक ओट्यावर बसले. मी आत होते. खिडकीतून दिसत होते, पण मी बाहेर गेले नाही. दोन काठ्या जुळवून सूत गुंडाळताना एकाचे दोन हात पुरत नाहीत, हे ज्यांनी चांदणी बांधली आहे त्यांना ठाऊक असेल. सूत सुटले, पुन्हा सुटले. तो वैतागून उठणार, इतक्यात बायचा आवाज आला, “पपा, हयसर अंगठो धर. घट्ट.” त्याने अंगठा धरला. तिने सूत गुंडाळले, दातांनी तोडले.

त्या रात्री मी लवकर निजले. चांदणी टेबलावर उघडीच होती, खळ ओली होती आणि एक कोन खाली लोंबत होता. पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा तो तसाच लोंबत होता. मी दिवा न लावताच परत फिरले.