पणसाहेब

माणसाला स्वतःची चूक जवळच्या आरशात सहसा दिसत नाही. मला माझी दिसली ती थेट दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात! खरे म्हणजे महाबळेश्वरची थंडीही मला सोसत नाही. बर्फाशी माझी ओळख उसाच्या रसापुरती. पण गेल्या पावसाळ्यात सर अर्नेस्ट शॅकल्टनच्या सफरीची हकीकत वाचायला घेतली आणि तिने माझी झोप उडवली.

१९१५ च्या जानेवारीत त्याचे 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले. बर्फाने ते हळूहळू चिरडले आणि नोव्हेंबरात गिळून टाकले. जहाजावरची २८ माणसे तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. ओझे कमी करताना शॅकल्टनने सोन्याची नाणी फेकून दिली, पण एका सोबत्याचा बँजो मात्र आवर्जून बरोबर घ्यायला लावला. गाणे हे मनाचे औषध, असे त्याचे म्हणणे. आणि जे कुरकुरे होते, ज्यांच्यामुळे इतरांचे मन बिघडेल अशी त्याला धास्ती होती, त्यांना त्याने दूर लोटले नाही; आपल्याच तंबूत घेतले.

इथे मी पुस्तक मिटले. मला पणसाहेब आठवले.

आमच्या शाखेत आम्ही अकराजण. मी प्रमुख. त्यातल्या एका सहकाऱ्याचे प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे पणसाहेब म्हणत. त्यांचा 'पण' इतरांना लागू नये म्हणून मी त्यांचे टेबल पार टोकाला, पाण्याच्या माठाशेजारी हलवले होते. मोठी युक्ती केली, असे तेव्हा वाटले होते!

मग एका ऑगस्टात तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात पाणी शिरले. आम्ही भिजलेल्या फायली मिळेल तशा उपसू लागलो. "पण असे केले तर कुठला कागद कुठला, हे उद्या कळेल का?" माठाकडून आवाज आला. मी चिडलो; पण त्यांचे खरे होते. मग त्यांनीच दोऱ्या बांधल्या, चिठ्ठ्यांवर क्रमांक घातले, आठ दिवस कागद न् कागद पंख्याखाली वाळवला. दप्तर वाचले. वर अहवाल गेला, शाबासकी आली. अहवालात मी चार नावे लिहिली आणि शेवटी 'व इतर कर्मचारी'. पणसाहेब त्या 'इतरां'त होते. पुढे ते निवृत्त झाले. त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. 'पण' म्हणायची खरी वेळ तीच होती!

दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडले. जहाजावर मॅकनिश नावाचा सुतार होता. बर्फावर एकदा त्याने सरळ हुकूम मोडला. तरीही मदत आणायला निघालेल्या २२ फुटी होडीत शॅकल्टनने ज्या पाचजणांना घेतले, त्यात तो होता. होडीच्या कडा उंच करून, लाकूड आणि कॅनव्हास ठोकून तिच्यावर छत घातले तेही त्यानेच. १९१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत सुमारे ८०० सागरी मैल तुफान समुद्र तिने ओलांडला. ऑगस्टअखेर मागे राहिलेले सारे सुटले. २८ पैकी एकही दगावला नाही. पण पुढे ध्रुवपदके वाटली गेली, तेव्हा शॅकल्टनने मॅकनिशचे नाव सुचवले नाही.

एवढा मोठा माणूस, संकटात चुकला नाही. संकट सरल्यावर चुकला. कुरकुऱ्याला तंबूत घेणे कठीण खरे, पण तंबू उठल्यावर त्याचे नाव घेणे त्याहून कठीण. मी तर दोन्ही ठिकाणी नापास! आणि आमच्या शाखेतल्या इतर नऊजणांनी तो अहवाल वाचला होता. पुढच्या खेपेला पाणी शिरले, तर खरे बोलायला कोण पुढे येणार होते?

पाडव्याच्या सकाळी फराळाचा डबा आणि एक पत्र घेऊन मी पणसाहेबांच्या घरी गेलो. दप्तर कोणी वाचवले, हे त्या पत्रात नावानिशी लिहिले होते. त्याची प्रत कार्यालयात दाखल केली होती. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

"पण साहेब, यात तारीख चुकली आहे."

आणि लेखणी आणायला आत गेले. तारीख खरोखरच चुकली होती. ते बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी चकलीकडे पाहू लागलो.