तीन फुलपात्रे, चार गोळ्या

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या ल्युसिलियस या मित्राला लिहिलेल्या पत्रांपैकी पंचेचाळिसाव्या पत्रात शब्दच्छल करणाऱ्या तार्किकांची तुलना वाट्या आणि खडे घेऊन हातचलाखी दाखवणाऱ्या खेळियाशी केली आहे. ही फसवणूक निरुपद्रवी असते, किंबहुना फसण्यातच तिचा आनंद असतो. पण ती कशी केली हे कळले की खेळातली गोडी संपते, असे त्याचे म्हणणे. पहिल्या शतकातले हे निरीक्षण सहज पटण्याजोगे आहे. कविता शिकवणाऱ्याला मात्र ते टोचते. ‘कवितेची चिरफाड केली की तिची मजा जाते’ हा वर्गात दरवर्षी ऐकू येणारा आक्षेप म्हणजे सेनेकाचेच विधान होय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी हा खेळ शिकायला घेतला. साहित्य घरातलेच: एकाच मापाची तीन स्टीलची फुलपात्रे आणि चिंधीच्या चार गोळ्या. प्रेक्षकाला दिसतात त्या तीनच. चौथी गोळी मधल्या फुलपात्रात आधीच दडवलेली असते आणि ते पात्र झटकन पालथे घातले की ती न सांडता त्याच्याखाली जाते. मग एक गोळी त्या पालथ्या पात्राच्या बुडावर ठेवायची, उरलेली दोन पात्रे त्यावर घालायची, टिचकी मारायची आणि तिन्ही एकदम उचलायची. गोळी धातूतून आरपार गेली असे वाटते. प्रेक्षक ‘आता काय होणार’ म्हणून सरसावून बसतो, तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

हे रहस्य दोन मिनिटांत कळते. पुढचा भाग दोन महिन्यांतही पुरता साधत नाही. गोळी उजव्या हातातून डाव्या हातात दिल्यासारखे करायचे आणि ती उजव्याच हाताच्या बोटांच्या वळणात राहू द्यायची. आपल्याकडील रस्त्यावरचे जादूगार जमिनीवर बसून हा खेळ करतात. त्यांच्या वाट्यांना माथ्यावर बोंड असते. ते दोन बोटांत धरले की उरलेली बोटे गोळी लपवायला मोकळी राहतात. फुलपात्राला ती सोय नाही. पण खरी अडचण गोळी लपवण्याची नसतेच. रिकामी डावी मूठ भरलेली दिसायला हवी, ही अडचण असते. मूठ जास्त आवळली तर खोटे उघडे पडते, सैल सोडली तरी पडते. यावर उपाय एकच: गोळी खरोखरच डाव्या हातात शंभर वेळा द्यायची आणि आपण ते कसे करतो हे बघायचे. बोटे केव्हा मिटतात? नजर कुठे जाते? जन्मभर वापरलेले हात प्रथमच पाहिल्यासारखे वाटतात. आरशासमोर सराव करणारे नवशिके नेमक्या लबाडीच्या क्षणी डोळे मिटतात, हे जादूगारांच्या जगात सर्वश्रुत आहे. स्वतःची चोरी स्वतःलाही बघवत नाही!

सेनेकाचे खरे मानले, तर हा खेळ 1584 सालीच संपायला हवा होता. त्या वर्षी रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ या ग्रंथात गोळ्यांची ही हातचलाखी छापून टाकली. वाट्यांऐवजी मेणबत्तीदाण्या किंवा मिठाच्या भांड्यांची झाकणे चालतील, इथपर्यंत तपशील दिला. त्याचा हेतू खेळ मोडण्याचा नव्हता. चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसे फासावर चढत होती. विस्मयकारक ते सारे सैतानी नसते, हे त्याला दाखवायचे होते. रहस्य छापले गेले, तरीही खेळ टिकला. आपल्या काळात पेन आणि टेलर या अमेरिकन जोडीने तर तो पारदर्शक पेल्यांनी करून दाखवला. गोळी कुठून येते, कुठे जाते, सारे डोळ्यांदेखत. तरीही मन मागे पडते आणि प्रेक्षक थक्क होतो.

ज्ञानाने भय जाते. विस्मय जातोच असे नाही. तो जागा बदलतो. ‘गोळी कुठे गेली?’ हा प्रश्न सुटला की ‘मला ती तिथे दिसली कशी?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक खोल आहे. सेनेकाने रहस्य जाणून घेण्याची गोष्ट केली. खेळ हातांनी करून पाहण्याची नाही. या दोहोंतले अंतर म्हणजे कवितेचा सारांश आणि कवितेचे वाचन यांतले अंतर. ‘या ओळीचा अर्थ काय’ एवढेच सांगून थांबणारा शिक्षक चौथी गोळी दाखवून खेळ गुंडाळतो, आणि मग विद्यार्थ्यांची तक्रार रास्तच ठरते. तोच शब्द तिथे का, तो काढून दुसरा ठेवला तर काय ढासळते, हे त्यांना स्वतः करून पाहू दिले, तर ओळ उलगडूनही शिल्लक राहते.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा पहिल्या तासाला फुलपात्रे घेऊन गेले. खेळ केला, मग चौथी गोळी उघड करून दाखवली. क्षणभर हिरमुसलेली शांतता पसरली. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, आता कळलं. पुन्हा एकदा करा ना.”