टोलेडोतला साबादो



पेसाहनंतर आम्ही उभयतां स्पेनला जाऊन आलो. माद्रिदहून टोलेडो आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. जुन्या यहुदी मोहल्ल्यातल्या गल्ल्या सगळ्या चढउताराच्या. गुडघे कुरकुरले, पण चाललो.

एका बेकरीच्या दारावर वारांची पाटी होती. स्पॅनिश आम्हांला येत नाही, तरी वार लागले. लुनेस म्हणजे लुनाचा, चंद्राचा, आपला सोमवार. मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, हुएवेस गुरूचा, बिएर्नेस शुक्राचा. लॅटिनमधून आलेली ही नावं, पण ग्रह आपलेच! पुढे मात्र शनी नाही, तिथे 'साबादो'.

जुने रोमन लोक त्या दिवसाला शनीचा दिवसच म्हणत, इंग्रजी सॅटर्डेत तो अजून बसलाय. पण पुढे लॅटिनात 'साब्बातुम' रुळला. तो ग्रीकमधून आला, आणि ग्रीकांनी घेतला आपल्या शब्बाथवरून. इटालियन साबातो, फ्रेंच सामदी, जर्मन झाम्सटाग ही सगळी त्याचीच भावंडं. प्रोफेसर लोकांची वर्षभराची 'सबॅटिकल' रजासुद्धा याच घरातली.

मग एल ट्रान्सितोचं सिनेगॉग पाहिलं. राजा पेद्रोचा खजिनदार शमुवेल हालेवी याने १३५० नंतरच्या दशकात ते बांधलं. भिंतींवर हिब्रू अक्षरांत स्तोत्रं कोरलेली आहेत, ती आम्ही सावकाश वाचली. १४९२ साली यहुद्यांना देशाबाहेर काढल्यावर ते ख्रिस्ती सरदारांच्या एका पंथाला दिलं गेलं. आज तिथे संग्रहालय आहे. माणसं घालवली, पण त्यांचा शब्बाथ दर आठवड्याला यांच्या तोंडी आहेच.

आणि आपली गंमत उलटी! कोकणात आपले वाडवडील शब्बाथला घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. पाळला शब्बाथ, नावात राहिला शनी. आम्ही दोघं तिथल्या बाकावर बसून यावर बराच वेळ हसलो, मग थोडे गप्प झालो. आमच्या नातवंडांना शनवार तेली म्हणजे काय ते आम्ही कधी सांगितलंच नाही.

परतल्यावर शेजारच्या इझमीरच्या आजींना पाटीची हकीकत सांगितली. त्यांची बोली लादिनो, तिथून निघालेल्यांचीच स्पॅनिश. शनिवारला त्या शब्बाथच म्हणतात. आम्ही विचारलं, "आणि रविवारला दोमिंगो ना?" त्या एकदम म्हणाल्या, "छे! दोमिंगो म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या प्रभूचा दिवस. आमच्याकडे अल्हाद." हा शब्द अरबी, अर्थ पहिला. आपल्या योम रिशोनसारखाच. एवढं सांगून त्यांनी आमच्यापुढे बोरेकासची बशी सरकवली.