कणीक मळताना ख्रिस्तपुराण

नगर

प्रिय बाळे,



तुझं पत्र पोचलं. समथरला मराठी बोलायला माणूस नाही, थोरला ओव्या वाचताना जांभया देतो, धाकटी पुस्तकाच्या कडेला मांजरं काढते, आणि सासूबाई फोनवर एकच विचारतात, पोरांना शाळेत कधी घालणार? शेवटी घाईघाईत लिहिलंयस की पोरांना घरी शिकवणं आता माझ्यानं निभत नाही. हे उत्तर त्या शेवटच्या ओळीला आहे.

पंडिता रमाबाई आपल्याला केडगावच्या मुक्ती मिशनमुळे घरच्याच वाटतात. पण मला त्यांच्या आईबद्दल लिहायचंय. लक्ष्मीबाई डोंगरे. नवऱ्यानं, अनंतशास्त्र्यांनी, त्यांना संस्कृत शिकवलं. शास्त्रीबुवा तरुणपणी पेशव्यांच्या वाड्यात जात, तिथे त्यांचे गुरू राणीसाहेबांना संस्कृत शिकवायचे. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे शिरलं. पुढे बायकोला देववाणी शिकवली म्हणून उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना जाबही द्यावा लागला. गंगामूळच्या रानात मांडलेला संसार कर्जापायी मोडला आणि सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागलं. रमा शिकायच्या वयाची झाली तोवर वडील थकले होते. शिकवणं आईकडे आलं.

आईला वेळ कुठे होता? दिवसभर स्वयंपाक, आलं-गेलं, म्हातारा नवरा. राहिली ती उजाडण्यापूर्वीची घटका. झोपेनं जडावलेल्या पोरीला त्या लाडीगोडी लावून उठवायच्या आणि पाखरं जागी होता होता धडा सुरू व्हायचा. हातात पोथी नसायची. आईनं म्हणायचं, पोरीनं मागून म्हणायचं. आठव्या वर्षापासून साधारण पंधराव्यापर्यंत हे चाललं, आणि भागवत मुखोद्गत झालं. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्याच्या मागे ही पहाट होती. रमाबाईंनी स्वतः 1907 च्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलंय की आईनं मनाला असं वळण लावलं की पुढचं शिक्षण फारशा मदतीशिवाय आपलं आपल्याला करता आलं.

हे नीट वाच. आईनं मुलीला सगळं शिकवलं असं त्या म्हणत नाहीत. तुला वाटतं की भूगोल राहिला, अपूर्णांक राहिले, म्हणजे सगळं बुडालं. राहू देत थोडे दिवस. थोरल्याला एखादं अवघड पान स्वतः उलगडता आलं तर अपूर्णांक तो एका सुटीत उरकेल. उलटं मात्र होत नाही.

आता तुझ्या त्या मैत्रिणीचं म्हणणं, की ख्रिस्ती घरात ज्ञानेश्वरी आणि तुकाराम कशाला. तिला चहाला बोलाव आणि फादर स्टीफन्सची गोष्ट सांग. हा इंग्लंडचा जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती, पण कानाची भूक तशीच होती. तिच्यासाठी त्यानं मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. 1616 मध्ये ते रोमी लिपीत छापलं गेलं. ओवी त्यानं कुठून उचलली? आपल्या संतांच्याच परंपरेतून. तीनशे वर्षांनी आपल्या नगरच्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगांत लिहिली, तीही तुकोबाचा ठेका कानात होता म्हणून. तो ठेका पोरांच्या कानावर पडलाच नाही तर टिळकांचं भजन त्यांना नुसतं रविवारचं गाणं वाटेल. आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते काम करणारी बाई भागवतावर वाढली होती, हेही तिला सांग. चहा संपेपर्यंत ती गप्प होईल. नाही झाली तर विषय बदल.

जांभयांचं म्हणशील तर चूक बसायच्या पद्धतीची आहे. ओवी टेबलावर ठेवून वाचायची नसते गं, ती म्हणायची असते. आपल्या पणज्या जात्यावर म्हणत. तू कणीक मळताना म्हण. पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि मोकळा. धाकटीला एवढंच सांग की यमक आलं की टाळी. ती तिसऱ्या टाळीसाठी कान टवकारून बसेल आणि चौथ्या चरणाला हमखास फसेल, मग तिला पुन्हा म्हणायचं असेल. थोरल्याला एका वेळी चार-पाच ओव्या पुरे, अर्थ त्यानं आपल्या शब्दांत परत सांगायचा. शार्लट मेसन बाईंची पद्धत हीच. ‘होम एज्युकेशन’ त्यांनी 1886 मध्ये काढलं, आणि जगभरच्या घरशाळा अजून त्यावर चालतात. पुस्तक चांगलं आहे. फक्त बाई अविवाहित होत्या, तेव्हा त्यांचं वेळापत्रक वाचून स्वतःला दोष देत बसू नकोस. त्यात दूध उतू जात नाही.

आणि समथरला शिव्या घालणं बंद कर. झाशी जिल्ह्यात बसून मराठी पुस्तक वाचायचं तर गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’साठी याहून चांगली जागा कुठली? वरसईचा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेला आणि 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडला. पोरांना ते वाचून दाखव आणि मग झाशीच्या किल्ल्यावर ने. काही पानं भयंकर आहेत, आधी तू वाच. हिंदीचंही ओझं मानू नकोस. मैथिलीशरण गुप्त तुझ्याच जिल्ह्यातल्या चिरगावचे. पोरं रस्त्यावर बुंदेली शिकतायत, तर त्यांना गुप्तांचं ‘साकेत’ही ऐकू दे. उर्मिलेला बोलायला लावणारा कवी जवळच्या गावचा असणं हे पुण्याच्या पोरांच्या नशिबी नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. रमाबाईंनी स्वतःच्या मुलीला, मनोरमेला, घरी शिकवलं नाही. ती लहानपणी बराच काळ विलायतेत वाँटेजच्या सिस्टरांकडे वाढली, आणि तिला कसा धर्म शिकवायचा यावरून आईचे त्या सिस्टरांशी खटके उडाले. पोर दुसऱ्याच्या हाती देऊनही काळजी सुटली नाही. पण ती बिघडलीही नाही, पुढे आईच्या कामात उजवा हात झाली. म्हणून उद्या तुम्हा दोघांना शाळा बरी वाटली तर खुशाल घाल. ओव्या संध्याकाळी म्हणता येतात. तो पराभव समजू नकोस.

घरीच ठेवायचं ठरलं तर सासूबाईंना सांगायला हे: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची परीक्षा असते, आणि चौदा पुरी झाली की दहावीला बसता येतं. दहावीला मराठी विषयही घेता येतो. नियम बदलतात, म्हणून जावईबापूंना एकदा नीट चौकशी करायला लाव. सासूबाईंचा जीव सर्टिफिकेटात आहे, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

‘स्मृतिचित्रे’ वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे. ती पोरांसाठी नाही, तुझ्यासाठी. ती लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही शाळेत गेल्या नव्हत्या, घरीच शिकल्या. दुपारी पोरं झोपली की वाच, आणि हसू आलं तर जोरात हस.

जावईबापूंना सलाम, पोरांना पापे.

तुझी,
मावशी